यंत्राच्या कमाईत साडेबारा टक्के कुणाचे?

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा ठाणे, ऐरोली, महापे या पट्ट्यात दुसरं बोलणंच नव्हतं. कंपनीचं म्हणणं होतं की याचं कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हे. लोकांची कौशल्यं आणि कंपनीची गरज यांचा मेळ बसत नाही, म्हणून ही कपात. ऐकणाऱ्यांनी आपापला अर्थ लावला. घराचा हप्ता, मुलांची फी आणि आईवडिलांची औषधं एका पगारावर चालत असतील, तर कारण कुठलंही असो, पोटात गोळा यायचा तो येतोच.

अशा बातमीच्या मागोमाग एक कल्पना हमखास चर्चेत येते. कामं यंत्रं करतील, सरकार सगळ्यांना दरमहा पैसे देईल. अमेरिकेतले मोठे तंत्रज्ञान-उद्योजक ती उत्साहाने मांडतात. आपल्याकडे निम्म्या लोकांना ती रामराज्य वाटते आणि निम्म्यांना रेवडी. कल्पना नीट समजून घेतली तर ती दोन्हींपेक्षा जुनी आणि बरीच रुक्ष निघते.

कल्पना आहे तरी काय

तिचं नाव आहे सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न. पुढे नुसतं ‘मूलभूत उत्पन्न’ म्हणू. तिला पाच अटी लागतात: पैसे रोख मिळावेत, ठरावीक काळाने नियमित मिळावेत, कुटुंबाला नव्हे तर प्रत्येक माणसाला मिळावेत, गरीब-श्रीमंत सर्वांना मिळावेत आणि त्यासाठी काम करण्याची किंवा शोधण्याची अट नसावी.

या कसोटीवर राज्याची ‘लाडकी बहीण’ योजना लावून पाहा. दरमहा १,५०० रुपये रोख, थेट बाईच्या स्वतःच्या खात्यात. म्हणजे पहिल्या तीन अटी पुऱ्या झाल्या. पण वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात चारचाकी नको, असे निकष लागले की ती सार्वत्रिक उरत नाही. निकष आले की पडताळणी आली, ई-केवायसी आली, आणि सर्व्हर बंद आहे म्हणून सेतू केंद्राबाहेरची रांगही आली. एवढं करूनही पुरुषांच्या खात्यात पैसे गेल्याचं उघड झालंच. मूलभूत उत्पन्नाचे समर्थक इथेच बोट ठेवतात. पात्र कोण हे शोधण्यात जितका जीव जातो, त्यापेक्षा सगळ्यांना द्या आणि श्रीमंतांकडून करातून परत घ्या, असं ते म्हणतात.

पण काम न करणाऱ्याला पैसे द्यायचे कशाचे? सोसायटीच्या गच्चीवरचा मोबाइल टॉवर डोळ्यांसमोर आणा. त्याचं भाडं सोसायटीच्या खात्यात येतं आणि तेवढा सगळ्यांचा मेंटेनन्स हलका होतो. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका काही काम करत नाहीत आणि पाचव्या मजल्यावरच्या डॉक्टरांना त्या पैशांची गरज नाही, म्हणून कुणी त्यांचा वाटा कापत नाही. गच्ची सगळ्यांची आहे, एवढं कारण पुरतं. थॉमस पेन या विचारवंताने १७९७ मध्ये साधारण हेच मांडलं होतं. जमीन मुळात सर्वांची. ती काहींच्या मालकीची झाली, तेव्हा त्या काहींनी उरलेल्यांना भरपाई द्यावी. वयाची २१ वर्षं पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला १५ पौंड, असा त्याचा हिशेब होता.

यंत्रं खरंच काम खातात का

खातात, पण बातम्यांत येतं तसं नाही. अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्या धोक्यात असल्याचा अंदाज ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी २०१३ मध्ये वर्तवला होता. २०१९ साली तिथली बेकारी साडेतीन टक्क्यांच्या आसपास होती. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी २०२४ मध्ये जगातल्या जवळपास ४० टक्के नोकऱ्यांवर कृत्रिम बुद्धिमत्तेचा परिणाम होईल असं म्हटलं. परिणाम होणं म्हणजे नोकरी जाणं नव्हे. काहींचं काम सोपं होईल, काहींचं निघून जाईल.

प्रत्यक्षात नोकरी एका दिवसात नाहीशी होत नाही. तिचे तुकडे पडतात. ठाणे स्टेशनवर तिकीट खिडक्या अजून आहेत, पण मोबाइलवर तिकीट निघू लागल्यापासून खिडकीमागे नवीन माणूस भरायची घाई कुणाला राहिली नाही. आयटीतही ज्याची नोकरी आहे त्याच्यापेक्षा ज्याला अजून लागायची आहे त्याच्यावर पहिला घाव बसतो. फ्रेशरला जे सोपं काम देऊन शिकवायचं, तेच यंत्राला आधी जमतं.

‘जुनी कामं जातात, नवी येतात’ हे वाक्य खरं आहे, फक्त ते अख्ख्या समाजाबद्दल खरं आहे, एका माणसाबद्दल नाही. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कितीतरी कारखाने बंद पडले किंवा बाहेर गेले. तिथे रोबो आले नव्हते. जमिनीचे भाव, जुनी यंत्रं, बाहेरचा स्वस्त माल, संप अशी कारणं होती. त्याच जागांवर काचेच्या इमारती आल्या आणि कदाचित आधीपेक्षा जास्त लोक तिथे काम करू लागले. पण पंचेचाळिशीतला टर्नर किंवा फिटर त्या इमारतीत शिरला तो बहुतेक सुरक्षारक्षक म्हणून, अर्ध्या पगारावर. ज्याचं गेलं तो एक आणि ज्याला मिळालं तो दुसरा.

आपल्याकडे याचे तीन नमुने आहेत

या विषयावरच्या लेखांत फिनलंड, अलास्का, केनिया येतात. येऊ देत, मीही त्यांच्याकडे येणार आहे. पण काम नसेल तर माणसाने जगायचं कसं, या प्रश्नावर महाराष्ट्राने तीन वेगवेगळी उत्तरं काढून पाहिली आहेत आणि तिन्हींचे धागे ठाणे-नवी मुंबईत सापडतात.

पहिलं उत्तर तुमच्या पगारपत्रकात आहे. ‘प्रोफेशन टॅक्स’ म्हणून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला २,५०० कापले जातात. १९७२ च्या दुष्काळात राज्यात मोठ्या प्रमाणावर रोजगार हमीची कामं निघाली. त्यामागची कल्पना होती वि. स. पागे यांची, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. खेड्यात जो काम मागेल त्याला शासनाने काम द्यायचं. पैसा आणायचा कुठून, तर शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांकडून. १९७५ चा व्यवसाय कर त्यासाठीच आला. शहरातल्या पगाराने गावातल्या बेकारीचा भार उचलावा, हे तत्त्व देशाने २००५ च्या कायद्यात कामाची हमी स्वीकारली त्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्राने मान्य केलं होतं. आज ऐरोलीत बसून हा कर भरणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल?

दुसरं उत्तर तुर्भ्याला, एपीएमसीच्या घाऊक बाजारात. माथाडी कामगार, म्हणजे ओझी वाहणारा हमाल, एका मालकाचा नसतो. सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या गाळ्यावर. मग त्याचा प्रॉव्हिडंट फंड कोण भरणार? अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि त्याने हा पेच सोडवला. व्यापाऱ्याने हमालीची मजुरी थेट हातात न देता माथाडी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही, म्हणजे जादा आकार, भरायचा. त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, बोनस, औषधोपचार. मालक कितीही बदलले तरी हक्क कामगाराच्या नावावर साठत राहतो. पाठीवर मोठी पिशवी लावून घोडबंदर रोडवर जेवणाचे डबे पोचवणाऱ्या मुलांना आज नेमकं हेच हवंय. केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲप-कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीत द्यावी अशी तरतूद आहे. ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. माथाडींच्या टोळ्यांनी ५० वर्षांपूर्वी जे मिळवलं, तिथवर कायदा आता कुठे पोचतोय.

तिसरं उत्तर म्हणजे साडेबारा टक्के. नवी मुंबईत हे दोन शब्द पुरतात, पण ठाण्यातल्या वाचकांसाठी सांगतो. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन शहरासाठी घ्यायचं ठरलं. भात, मीठ आणि मासळीवर जगणाऱ्या आगरी-कोळी कुटुंबांना रोख मोबदला देऊन विषय संपवायचा, असा बेत होता. लोकांनी तो मानला नाही. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरातल्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाचजण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या या लढ्यातून पुढे तत्त्व ठरलं: घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यायचा.

या मागणीचा अर्थ नीट पाहा. ‘आमच्या शेताची किंमत द्या’ एवढंच ते म्हणत नव्हते. शेतावर जे शहर उभं राहील आणि त्याने जमिनीचा जो भाव वाढेल, त्या वाढीत वाटा द्या, अशी ती मागणी होती. मदत आणि वाटा यांत हाच फरक.

आता ही तिन्ही उत्तरं यंत्रांच्या काळात उभी करून पाहा. व्यवसाय कर पगारावर बसतो. पगारी माणसं कमी झाली की करही आटतो. लेव्ही मजुरीवर बसते. गोणी फोर्कलिफ्टने उचलली की मजुरी नाही आणि लेव्हीही नाही. साडेबारा टक्के मात्र मालमत्तेवर बसतात. काम माणूस करो की यंत्र, जागेची कमाई चालूच राहते. माझ्या मते सगळा विषय इथे येऊन टेकतो. काम करणाऱ्याच्या कमाईवर उभं केलेलं संरक्षण काम गेल्यावर टिकत नाही.

अर्थात साडेबारा टक्क्यांचीही दुखरी बाजू आहे. भूखंड मिळायला वर्षानुवर्षं लागली, अनेकांनी तो हातात यायच्या आधीच बिल्डरला देऊन टाकला, आणि एकदा विकला की पुढच्या पिढीचा वाटा संपला. वाटा होता, पण तो एकरकमी होता.

हिशेब जमतो का

जमत नाही, निदान लोक समजतात त्या रकमेला जमत नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीला राज्यात सुमारे ९.७ कोटी मतदार होते. प्रत्येकाला महिना १,५०० द्यायचे तर वर्षाला जवळपास १ लाख ७५ हजार कोटी लागतील. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा सुमारे ५ लाख ६१ हजार कोटी धरली होती. म्हणजे एवढ्यानेच जवळजवळ तिसरा हिस्सा संपला, आणि माणसाच्या हाती पडले रोजचे ५० रुपये. हीच रक्कम महिना १०,००० केली तर साडेअकरा लाख कोटींच्या वर जाते, राज्याच्या जमेच्या दुप्पट.

केंद्राच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमणियन यांनी या विषयावर एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. माणशी वर्षाला ७,६२० रुपये, तेही वरच्या २५ टक्के लोकांना वगळून, आणि तरी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.९ टक्के. म्हणून नोकरी सोडून आरामात जगता येईल इतकं मूलभूत उत्पन्न आपल्याकडे येत्या काळात येणार नाही, हे आधी मनाशी पक्कं करावं. छोटी रक्कम शक्य आहे. तिने पगाराची जागा भरून निघत नाही. फार तर मिळेल त्या मजुरीला होकार द्यायची घाई थोडी कमी होते.

‘फुकट मिळालं तर काम कोण करणार?’

हा आक्षेप सगळ्यात मोठ्याने घेतला जातो आणि पुराव्यात तोच सगळ्यात लंगडा ठरतो. मध्य प्रदेशात २०११-१२ च्या सुमारास ‘सेवा’ या कष्टकरी महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत प्रत्येकाला रोख रक्कम दिली: प्रौढाला आधी महिना २००, नंतर ३०० रुपये, मुलांना त्याच्या निम्मे. लोकांनी काम सोडलं नाही. उलट मजुरीला जाणारे काहीजण स्वतःच्या शेताकडे वळले. फिनलंडने २०१७-१८ मध्ये २,००० बेकारांना महिना ५६० युरो दिले, त्यांचे कामाचे दिवस किंचित वाढलेच. केनियात एका संस्थेने काही गावांना १२ वर्षं पैसे द्यायचं ठरवलंय; तिथेही एकूण काम घटलं नाही, फक्त दुसऱ्याच्या मजुरीकडून स्वतःच्या छोट्या धंद्याकडे सरकलं. महिन्याला येणाऱ्या थोड्या थोड्या रकमेतून धंद्याचं भांडवल उभं करायला तिथल्या लोकांनी काय केलं असेल? भिशी लावली!

उलट बाजूचा पुरावाही आहे. अमेरिकेत १,००० लोकांना तीन वर्षं महिना १,००० डॉलर देऊन पाहिले. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. लोक आठवड्याला साधारण सव्वा तास कमी काम करत होते. सव्वा तास म्हणजे आळस की मुलांचा अभ्यास घ्यायला मिळालेली उसंत, हे ज्याने त्याने ठरवावं.

‘सगळ्यांच्या हाती पैसा आला तर भाव वाढतील’

पैसा छापून वाटला तर वाढतील. एकाकडून कर घेऊन दुसऱ्याला दिला तर एकूण पैसा तेवढाच राहतो, फक्त खरेदीचा प्रकार बदलतो. केनियातल्या दुसऱ्या एका मोठ्या प्रयोगात गावांत बरीच रोख ओतूनही भाववाढ नगण्य निघाली, कारण दुकानदारांनी माल वाढवला.

पण मी हा निष्कर्ष डोळे मिटून कोपरखैरण्यात आणणार नाही. गहू-तांदूळ जास्त मागवता येतो, वन रूम किचन मागवता येत नाही. भाडेकरूच्या खात्यात दरमहा नवे २,००० येतात हे कळल्यावर अकरा महिन्यांचा करार संपताना घरमालक काय म्हणेल, हे सांगायला अर्थशास्त्री नको. जिथे जागा अपुरी आहे तिथे मूलभूत उत्पन्नाचा मोठा भाग भाड्यात जाऊ शकतो. घरं वाढवल्याशिवाय नुसती रोख देणं, विशेषतः या शहरांत, अर्धवट उपाय आहे.

भाववाढीचा दुसरा धोका मला जास्त वाटतो: रक्कम तशीच राहते आणि तिची किंमत झिजते. इराणने २०१० च्या अखेरीस इंधन स्वस्त देणं कमी करून त्याऐवजी माणशी महिना ४५,५०० तोमान द्यायला सुरुवात केली. पुढे महागाई वाढत गेली, आकडा तिथेच राहिला आणि रक्कम नावापुरती उरली. इतकं लांब जायची गरज नाही. गरीब वृद्धांच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतनात ८० वर्षांखालच्यांसाठी केंद्राचा हिस्सा महिना २०० रुपये आहे, आणि तो जवळपास दोन दशकं तेवढाच आहे.

‘त्यापेक्षा शाळा आणि दवाखाने द्या’

या आक्षेपाशी मी बराचसा सहमत आहे. रेशनचा तांदूळ महागाईने झिजत नाही, रोख झिजते. महापालिकेच्या दवाखान्यात नीट उपचार मिळाले तर ती एका घराची काही हजारांची बचत असते, आणि ती कुठल्याही खात्यात जमा करावी लागत नाही. रोख रक्कम यांच्या जागी आणायची असेल तर तो घाट्याचा सौदा आहे. या सगळ्याच्या जोडीला येणार असेल तर विचार करण्यासारखी आहे, आणि मग प्रश्न पैशाच्या उगमाचा उरतो.

वाटा कशातला मागायचा

रबाळे-महापे बाजूला एक चक्कर मारा. खिडक्या नसलेल्या, चौकोनी, मोठ्या इमारती दिसतील. ही डेटा सेंटर्स. ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेची आपण धास्ती घेतोय ती अशाच इमारतींत चालते. एवढ्या जागेवर कारखाना असता तर तीन पाळ्यांत माणसांची रीघ लागली असती. इथे वीज प्रचंड लागते, माणसं मोजकी. राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात अशा केंद्रांना मुद्रांक शुल्क, वीज शुल्क यांत सवलती आहेत. कारखान्यांना सवलत देताना रोजगाराचं कारण सांगायची पद्धत होती. जिथे रोजगारच थोडा, तिथे सवलतीच्या बदल्यात काय, हे कुणी विचारताना दिसत नाही.

आणि विचारायला जागा आहे. उद्योगांना जागा देणारं राज्याचं महामंडळ एमआयडीसी जमीन विकत नाही, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. सिडकोही भाडेपट्ट्यानेच देते. म्हणजे कागदोपत्री ती गच्ची अजून सगळ्यांची आहे. सवलतीच्या बदल्यात कंपनीतला छोटा हिस्सा, किंवा भाडेपट्ट्याच्या रकमेतला ठरावीक भाग वेगळ्या निधीत टाकता येईल. त्या निधीचं फक्त उत्पन्न वाटायचं, मुद्दल नाही. यंत्रांवर थेट कर बसवावा असं बिल गेट्स २०१७ मध्ये म्हणाले होते, पण यंत्र कशाला म्हणायचं यावरच वकिलांची पिढी पोसली जाईल. जमीन आणि वीज मोजता येते. यातून सुरुवातीला माणशी फार काही निघणार नाही हेही खरं. वर्षाला एखादा गॅस सिलिंडर निघाला तरी पुष्कळ.

तेलाच्या उत्पन्नावर अलास्काने हेच केलं. १९७६ मध्ये राज्यघटना बदलून खनिज उत्पन्नाचा किमान चौथा हिस्सा कायमच्या निधीत टाकायचं ठरलं, आणि १९८२ पासून तिथल्या प्रत्येक रहिवाशाला, तान्ह्या बाळालासुद्धा, वर्षाला एक चेक येतो. पण तेलाचे भाव पडले आणि २०१६ मध्ये राज्यपालांनी तो वाटा निम्म्यावर आणला. घटनेचं संरक्षण मुद्दलाला होतं, वाटपाला नव्हतं. इथे असा निधी करायचा झाला तर मसुदा लिहिणाऱ्यांनी रोजगार हमीची जुनी कागदपत्रं काढून बघावीत. व्यवसाय करातून जितकी रक्कम जमेल तितकीच शासनाने आपल्या तिजोरीतून घालायची, अशी तरतूद त्या वेळी कायद्यातच करून ठेवली होती.